आत आलेली पावलं

ज्याला आरंभ आहे त्याला शेवट आहे. सूर्य एक दिवस विझणार आहे, समुद्र आटणार आहेत, हिमालयाची माती होणार आहे. फार कशाला, निजामाचं राज्यसुद्धा संपलं, आणि ते संपेल असं निदान निजामाला तरी वाटलं नव्हतं. या सिद्धान्ताला आजवर कुणी माईचा लाल धक्का लावू शकला नव्हता. तो लागला चितेगावच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये, गणपतीच्या दिवसांत, दुपारच्या जेवणानंतर. आणि तोही सर्जेरावांनी भाड्यानं आणलेली व्हिडिओ कॅसेट डबीत भलतीच निघाली म्हणून.

सर्जेराव कारखान्याच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. दर वर्षी तेच निवडून येत, कारण दुसरं कुणी उभं राहत नसे. यंदा त्यांनी मारामारीचा पिक्चर कबूल केला होता. डबीवर दोन हातांत दोन बंदुका घेतलेला नट होता. आतून मात्र जालन्याकडच्या कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग निघालं. पुढं मारामारी असेल या आशेवर कामगारांनी अक्षता, पंगत आणि नवरीच्या आईचं रडणं मोठ्या मनानं पाहून घेतलं. लग्नात मारामारी असतेही. पण हे लोक अगदीच सालस निघाले, तेव्हा बाकं वाजायला लागली. तेवढ्यात ओनोसाहेब उभे राहिले. नव्या मशिनी बसवून द्यायला जपानहून आलेला हा बुटका, चष्म्याआडून हसणारा इंजिनियर. सुट्टीच्या दिवशी एकटाच अजिंठ्याला जायचा आणि पोपडे उडालेल्या चित्रांसमोर उभा राहून यायचा. त्यानं आपल्या पिशवीतून एक कॅसेट काढली आणि प्रसादाचं ताट द्यावं तशी दोन्ही हातांनी पुढं केली. सर्जेरावांनीही ती दोन्ही हातांनी घेतली. दुसरा मार्ग नव्हता.

त्रिंबक शेवटच्या बाकावर बसला होता. तो कारखान्यातला ऑइलमन. लांब नळीची झारी घेऊन दिवसभर मशिनींच्या सांध्यांत तेल घालत हिंडायचं, एवढंच त्याचं काम. अंगाला वास येतो म्हणून तो आपणहूनच मागं बसायचा. पिक्चर कुठलाही लागला असता तरी त्याला चाललं असतं, कारण त्याचं डोकं येत्या रविवारात होतं. रविवारी थोरला भाऊ बिरू गावाहून येणार होता आणि त्याला उत्तर द्यायचं होतं. तसं ते नागपंचमीलाच देऊन झालं होतं. त्रिंबकनं मान हलवली होती. बारा वर्षांपूर्वी घरातून गेलेल्या सोनाजीचा, त्याच्या एकुलत्या एका पोराचा, पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि पैठणला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी अग्नी द्यायचा. माणूस बारा वर्षं परतला नाही की असं करायचं असतं. मग तो मेला असं सगळ्यांना म्हणता येतं, त्या माणसालासुद्धा. पितृपक्षात उरकून घेतलं की सर्वपित्री अमावास्येला त्याचं पान पितरांच्या रांगेत वाढता येतं. सगळं रीतसर होतं. बायकोला, बानाबाईला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

टीव्हीवर आधी नुसतं पांढरं आलं. मुंग्या आल्या असं वाटून सर्जेराव उठले, पण तो बर्फ होता. हातानं काढलेला, रंगवलेला बर्फ. ‘कार्टून हाय रे!’ म्हणून पुढची पोरं हसली, मग हसायचंही राहून गेलं, कारण त्यात कुणी पडत नव्हतं, धडपडत नव्हतं, उंदीर नव्हता की मांजर नव्हतं. जिनिंगच्या आवारात सरकी काढलेल्या कापसाचे ढीग लागावेत तसा तो बर्फ, आणि त्यात अर्धं बुडालेलं एक घर. घरात एक म्हातारी. ती बोलत नव्हती. पिक्चरभर कुणीच बोललं नाही, गाणंही नव्हतं. वारा होता, किटलीत पाणी कढत होतं, आणि म्हातारीची बोटं होती. काय बोटं काढली होती! पेरं सुजलेली, नखं बोथट. चित्र काढणाऱ्यानं कुणाची तरी बोटं फार दिवस पाहिली असली पाहिजेत. ती कंदील लावते, दाराबाहेर टांगते, आणि आत येऊन बसते. बसलेलीच असते. किटलीची वाफ वर जाते आणि खिडकीच्या काचेवर तिचं पाणी होतं, त्यातला एक थेंब खाली ओघळतो, आणि तो ओघळेपर्यंत पिक्चरवाला थांबतो. एका थेंबासाठी. मारामारीच्या पिक्चरमध्ये तेवढ्या वेळात चार माणसं मेली असती. आणि मग दार वाजलं. ठोठावलं नाही कुणी. उघडताना लाकूड कुरकुरलं, इतकंच. त्रिंबकचा हात बाकाखालच्या झारीकडं गेला. सगळं परमुलखातलं होतं, बर्फ, किटली, म्हातारीचे बारीक डोळे; दाराचा आवाज तेवढा थेट त्याच्या मुकुंदवाडीतल्या घराचा होता.

दारात एक पोर. तोंडाला कोल्ह्याचा मुखवटा. म्हातारी त्याला कोण, कुठला, विचारत नाही. वाडग्यात काहीतरी ओतते, त्याच्यापुढं सरकवते. पोर मुखवटा नुसता हनुवटीवरून उचलतं आणि खालून खातं. चेहरा दिसत नाही. म्हातारीचा हात एकदा मुखवट्याकडं जातो. अगदी जवळ जातो. तिथं थांबतो, आणि पोराच्या खांद्यावरचा बर्फ झटकून परत येतो. सकाळ होते. अंथरुणावर कुणी नाही. म्हातारी दार उघडते. अंगणात बर्फावर पावलं आहेत, लहान, दुरून दारापर्यंत आलेली. बाहेर गेलेलं मात्र एकही पाऊल नाही. ती मागं वळून घरात बघते. रिकामं घर. पुन्हा अंगणात बघते. मग आत जाऊन आपल्या जागी बसते, आणि दार लावत नाही. बर्फ हळूहळू उंबरा ओलांडून आत यायला लागतो. एवढ्यात काळं झालं आणि त्या काळ्यावर जपानी अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी वर चढत गेली.

“ओ सर्जेराव, फुडचं लावा की!”

“कैसेट कटेली है भई, अद्धीच उठाके दे दिया!”

सांडू म्हणून एक गडी होता, पाचोडच्या बाजाराला लागणाऱ्या तंबूतले पिक्चर बघत वाढलेला. तो बाकावरच उभा राहिला. “रीळ खाल्लं! मला म्हाईत हाय. आमच्याकडं ऑपरेटर शेवटची यष्टी धरायला असंच रीळ खायाचा. आम्ही तीन वर्सं एका हिरोला मेला समजून बसलो व्हतो!”

सगळे सर्जेरावांकडं बघायला लागले. सर्जेरावांनी मशीन उघडलं, खिशातली कोरी नोट काढून आतून पुसलं, वरून दोन चापट्या दिल्या आणि शेवट पुन्हा लावला. बर्फ उंबरा ओलांडून आत आला आणि मुंग्या वर चढल्या. ओनोसाहेब उठून म्हणाले, “फिनिश.”

“साहेब, फिनिश कसं? पोरगं कुठं गेलं ते ऱ्हायलं की,” सर्जेराव म्हणाले.

“फिनिश,” म्हणून ओनोसाहेबांनी कमरेत वाकून नमस्कार केला. सर्जेरावही रीत म्हणून वाकले, आणि विषय तिथंच तुंबला.

बसमध्ये परतताना सांडूनं सगळ्यांची मतं घेतली. पोरगं म्हणजे भूत होतं, हे मत बहुमतात होतं; मागच्या खिडकीतून पळालं, असं म्हणणारे दोघे होते; म्हातारीनंच त्याला खाल्लं, असं टूलरूमच्या एकानं सांगितलं, पण त्याचं सासूशी पटत नव्हतं. त्रिंबकला विचारल्यावर तो खिडकीकडं सरकला. त्याची खिडकीची जागा ठरलेली होती. चितेगाव सुटलं की थोड्या वेळानं एक ओढा लागतो आणि त्यावर फरशीचा पूल. पूल आला की त्रिंबक बाहेर बघायचा, आणि पूल गेला की डोळे मिटून घ्यायचा. इतकी वर्षं. आधी तो चिकलठाण्याला कामाला होता, घरापासून पायी जाता येईल इतक्या जवळ. इकडं नवे कारखाने आले तेव्हा तिथली बरी नोकरी सोडून तो चितेगावला आला आणि लोक त्याला वेडा म्हणाले. लोकांना पूल माहीत नव्हता. बारा वर्षांपूर्वी या रस्त्याला कारखाना नव्हता, बाभळी होत्या. त्या आषाढअखेरीस विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. नाव विद्यापीठाचं बदलायचं होतं; जळत होत्या त्या मात्र गावाबाहेरच्या वस्त्या. सोनाजी तेव्हा कॉलेजात होता. नाव दिलंच पाहिजे असं तो घरात जेवताना म्हणायचा, आणि बिरू आला असेल तर जरा मोठ्यानं म्हणायचा. बिरू म्हणायचा, “आरं, आपण मेंढरंवाले. नाव बदलल्यानं मेंढरू काय दूध जादा दील व्हय?” सोनाजी म्हणायचा, “काका, मेंढराला नावच नसतं, म्हणून तर त्याला कुणीबी कापतं.” बिरूला ते समजलं नव्हतं, किंवा समजलं असावं, कारण तो त्यानंतर भाकरी न मोडता बराच वेळ बसला होता. सोनाजीचा दोस्त बन्सी. त्याची आई या रस्त्यावरच्या गावात, वस्तीवर एकटी. वस्तीला आग लागल्याची बातमी आली, आणि बन्सीनं त्या रस्त्यानं जाणं म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. सोनाजी म्हणाला, मी जातो, मला कोण काय करणार, मेंढक्याचं पोरगं मी. डबलसीट बसवून आणतो मायला. सायकलीत हवा भरली. बानाबाईनं वाढलेली भाकर तशीच ठेवली, “झाकून ठेव, आल्यावर खातो,” म्हणाला. जाताना माणसानं जातो म्हणू नये, म्हणून ‘येतो’ म्हणाला. दार कुरकुरलं. बन्सीची आई शेतांमधून पायी चालत त्याच दिवशी दिवेलागणीला शहरात पोहोचली होती. तिला सोनाजी भेटला नव्हता. त्रिंबक शोधायला निघाला तेव्हा पाऊस पडून गेला होता. फरशीपर्यंत काळ्या मातीत सायकलीची एक रेघ होती, आणि फरशीच्या पलीकडं रेघ नव्हती. ओढ्याला पाणी होतं. पण सायकल वाहून जावी इतकं नव्हतं, किंवा दोन दिवसांपूर्वी असेलही. ती रेघ सोनाजीच्या सायकलीची हेही कोण सांगणार. सगळ्या सायकलींचे टायर सारखेच. रस्त्याकडच्या माणसांना विचारलं, तर कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. सबंध रस्त्याला एकाच आठवड्यात मोतीबिंदू झाला होता. चौकीत विचारलं, तर त्यांनी उलट यालाच विचारलं, तुमचा पोरगा त्यांच्यात कशाला गेला? त्रिंबकनं त्यावर खूप विचार केला होता, आणि बारा वर्षांत त्याला एकच उत्तर सुचलं होतं: आईला आणायला. पण तोवर ते फौजदार बदलून गेले होते.

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. दार कुरकुरलं. शेजारच्या राजाबाईनं नातवाला थोपटत भिंतीपलीकडून रोजच्यासारखं सुनावलं, “आलं बगा तेलवालं! गावच्या मशिनीला तेल अन् घरचं दार बोंबलतंय!” ही थट्टा जुनी होती. पहिल्याच वर्षी त्रिंबक एका बाटलीत तेल घेऊन आला होता आणि बिजागरीशी बसला होता. बानाबाईनं चुलीपासून उठून बिजागरीवर हात ठेवला. “ऱ्हाऊ द्या,” म्हणाली. “आवाज येतो.” एवढंच. पुढं दोघांनी तो विषय काढला नाही, बाटली फळीवर वाळून गेली. रात्री कडीही लावायची नाही, नुसतं दार लोटायचं. चोर आला तरी ऐकू येईल, असं तो लोकांना सांगायचा. चोर बारा वर्षांत आला नाही. चोरांनाही कळत असावं.

आज त्याला पुतळ्याचं सांगायचं होतं. चहा झाला, हातपाय धुऊन झाले, आणि त्यानं सांगायला तोंड उघडलं तर पिक्चरच सांगायला लागला. बर्फ कसा, कंदील कसा, म्हातारीची बोटं कशी. बानाबाई भाकरी थापत होती. थापता थापता हात मंद झाला.

“मग?”

“मग काय. उठून बगती तर पावलं आलेली दिसत्यात. गेलेली नाईत.”

“अन् पोरगं?”

“नाय.”

“घरात बी नाय?”

“नाय.”

“मग फुडं?”

“फुडं काय नाय. संपलं. समदे ओरडले, रीळ खाल्लं म्हणून.”

तव्यावरची भाकर तिनं उलटी केली. “तोंडावरचं सोंग काढलं नाय व्हय म्हातारीनं?”

“हात नेला व्हता. काढलं नाय.”

“बरं केलं,” बानाबाई म्हणाली. दुरडीत भाकरी ठेवताना, दोघांच्या होऊन रोजची वरची एक ठेवताना, तिनं विचारलं, “आवं, पोरगं यायच्या आदी म्हातारीनं वाडगी किती काढली व्हती?”

त्रिंबकला आठवेना. तो जेवला, अंगणात बसला, पुन्हा पुन्हा तो पिक्चर डोळ्यांपुढं आणला. बर्फ येत होता, थेंब ओघळत होता, वाडगी काही दिसेनात. आणि त्याला मोठं नवल वाटलं की आपण सबंध आयुष्यात या बाईला एवढ्या आतुरतेनं काही विचारताना ऐकलेलं नाही, पोलीस आले तेव्हा नाही, बन्सी दरसाल त्या दिवशी येऊन उंबऱ्यावर बसतो आणि ती त्याला सोनाजीच्या पेल्यात चहा देते तेव्हा नाही. त्या दोघांत कधी बोलणं होत नाही. तो चहा पितो, पेला विसळून पालथा ठेवतो, जातो. जाताना म्हणतो, “येतो, माय.” आणि खरंच पुढच्या साली येतो.

दुसऱ्या दिवशी झारी घेऊन तो ओनोसाहेबांच्या मशीनपाशी जरा जास्तच रेंगाळला. तेल जिथं घालायचं तिथं घालून झालं, जिथं घालायचं नव्हतं तिथंही घालून झालं. शेवटी धीर करून त्यानं विचारलं, “साहब, वो बच्चा. किधर गया?”

ओनोसाहेबांनी हातातला पाना खाली ठेवला. हिंदी ते शोधून शोधून बोलत, खिशात किल्ली चाचपावी तसे. “मैं भी… बहुत साल सोचता. मालूम नहीं.”

“बनानेवाले को?”

“उसको भी नहीं.” मग जरा थांबून, “मालूम होता, तो नहीं बनाता.”

त्रिंबकनं मान हलवली. कारखान्यात असा माल बनवायची पद्धत नव्हती, पण त्याला ते पटलं. अजिंठ्याची चित्रंही अर्धीच उरली आहेत. गेलेला अर्धा राजपुत्र द्या म्हणून कुणी तिकीट परत मागत नाही. त्यानं वाडग्यांचं विचारलं. हातानं वाडगं करून दाखवलं, एक, दोन. ओनोसाहेब गोंधळले, कॅसेट त्यांचीच, पण तेही वाडग्यांच्या वाटेला गेले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे जेवून गणपतीपुढं गेल्यावर दोघंच कॅसेट लावून रिकाम्या कँटीनमध्ये बसले, डबे न उघडता. या वेळी त्रिंबक पुढच्या बाकावर होता. आणि आता माहीत असल्यामुळं प्रत्येक गोष्ट आधीपेक्षा सावकाश आली. कंदील टांगायला म्हातारी चवड्यांवर उभी राहते. तिच्यापेक्षा उंच कुणीतरी ती खुंटी ठोकलेली आहे. भिंतीशी एक जोडा आहे, लहान, धूळ बसलेला. पिक्चरवाला तिकडं बोट दाखवत नाही, तो नुसता तिथं आहे. थेंब ओघळला. आणि थेंबाच्या मागं, काचेत अंधूक, म्हातारीचा हात फळीकडं गेला आणि वाडगी खाली ठेवली. दोन. दार वाजायच्या कितीतरी आधी. ओनोसाहेबांनी “आ…” असा आवाज केला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्रिंबकनं न पाहिल्यासारखं केलं. टीव्हीवर मुंग्या वर चढत होत्या, आणि तिकडं जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

संध्याकाळी दार कुरकुरल्याबरोबर बानाबाईनं वर बघितलं. रोजच बघायची. आज त्याच्याकडंच बघितलं.

“दोन,” तो म्हणाला.

“व्हय,” ती म्हणाली, आणि पदरानं नाक पुसून कांदा कापायला लागली. म्हणजे कांद्यामुळंच असेल.

रविवारी बिरू सकाळीच हजर झाला. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीच्या घडीत एक नारळ. चांगला सोललेला, शेंडी राखलेला. तो त्यानं भिंतीशी ठेवला. त्रिंबकला त्याच्यावरून नजर काढता येईना. शेंडीआड तीन डोळ्यांचा तो चेहरा, बिननाकाचा. मागं कोण आहे ते दाखवत नाही आणि खालून उचलताही येत नाही. बिरूचा चहा पिऊन झाला. पैठणला बोलणं झालंय, पळसाची पानं गावचीच नेऊ, बुधवारी निघू, असं त्यानं सांगितलं. चुलीपाशी बानाबाई पाठमोरी बसली होती आणि त्रिंबकच्या मते तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. पण तिची पाठ हलली नाही. तेव्हा त्रिंबकला कळलं, की तिला कधीचंच माहीत आहे. नागपंचमीला त्यानं मान हलवली ती तिनं चुलीपासून पाहिली होती, आणि एवढे दिवस ती त्याच्या सांगण्याची वाट बघत बसली होती. वाट बघायची तिला सवयच होती.

“दादा,” त्रिंबक म्हणाला, “मी नाय म्हणतो.”

“काय नाय?”

“पुतळा. नाय करायचा.”

“लेका, तू व्हय म्हणला व्हतास!”

“म्हणलो व्हतो. मंग कंपनीत एक पिक्चर बगितला.”

बिरूनं कपबशी खाली ठेवली. पिक्चर बघून लोक केस वाढवतात, बायको सोडतात, हे त्यानं ऐकलं होतं. अंत्यविधी मोडल्याचं ऐकलं नव्हतं. “कसला पिक्चर?”

“जपानचा. एक म्हातारी आस्ती. पोरगं येतं. अन् जातं कुठं ते कळत नाय.”

“मंग?”

“कळत नाय, एवढंच.”

बिरूनं नारळाकडं बघितलं. त्रिंबकला वाटलं होतं की तो ओरडेल. तो ओरडला नाही. त्याचा आवाज उलट खाली गेला. “तिंबक, तुला वाटतं मी लोकांसाटी करतो. माझ्या खांद्यावर बसून त्यो मेंढरांच्या वाड्यावर यायचा रं. कोकरू धरायला मी शिकवलं त्याला. आता मी पिकलं पान. उद्या वर गेलो अन् तिथं त्यो दिसला नाय, तर मी काय समजू? जिता हाय म्हणून खूश व्हऊ, का त्याला कुणी अग्नी दिला नाय, कुठं तरी उपाशी हिंडतोय म्हणून रडू? तेवढं सांग मला. मंग मी जातो गावाला.”

चुलीत लाकूड तडकलं. बानाबाई न वळता म्हणाली, “भावजी, उपाशी नाय त्यो.”

“तुला काय ठावं?”

“रोज वाढते की मी. हितं.” तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. “पितरांत बी वाढलं तर दोन दोन ठिकाणी कसा जेवंल? लहानपणापासनं खाणं कमी त्याचं.”

बिरूनं पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. जेवून जा म्हटलं तर जेवलाही; चार भाकरी खाल्ल्या आणि दुरडीतल्या वरच्या एकीला मात्र हात लावला नाही. निघताना नारळ हातात घेऊन तो उंबऱ्यात उभा राहिला. “आता ह्याचं काय करू?” असं त्यानं विचारलं, पण ते कुणाला विचारलं ते कळलं नाही. नारळ घोंगडीत गुंडाळून, लेकरू काखेत घ्यावं तसा घेऊन तो गेला. ‘येतो’ म्हणाला. त्याच्या मागं दार कुरकुरत लोटलं गेलं.

मग घरात दोघंच राहिली. दुपार कलंडली होती. उन्हाची एक पट्टी दाराच्या फटीतून आत येऊन उंबऱ्यावर थांबली होती, आणि ती हळूहळू आत सरकेल, हे त्रिंबकला ठाऊक होतं. त्याला वाटलं, आपण आज एक फार मोठी गोष्ट केली. फौजदाराला जमली नाही, बारा वर्षांना जमली नाही, अशी. ज्याला आरंभ आहे त्याला शेवट असतो म्हणतात. असू दे, पण तो आपल्या हातानं पानं बांधून करायचा नसतो. विद्यापीठाच्या नावाचं अजून मिटलेलं नाही, ओढ्यावरची रेघ अजून अर्धीच आहे, आणि त्या दूरच्या मुलखात एका म्हातारीच्या उंबऱ्यावरून बर्फ अजून आत येतोच आहे. ती आपल्या जागी बसलेली आहे. ही बाईही बसलेली आहे. दार उघडं आहे, आणि जोवर आपण दोघं आहोत तोवर ते तसंच राहणार. काहीतरी बोलावं, इतक्या वर्षांत बोललो नाही असं काहीतरी, असं त्याला वाटलं आणि त्यानं बानाबाईकडं बघितलं. ती दाराकडंच बघत होती.

“आवं,” ती म्हणाली.

“काय?”

“उद्या कंपनीतून येताना जरा तेल आणा. दार लई कुरकुरतंय, राजाबाईचा नातू निजत नाय.”